आय लीव्ह इन बीड

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर साधा प्रश्न लिहिला होता: तुम्ही कुठं राहता? अर्थात इंग्रजीत, कारण मी इंग्रजीचा मास्तर. संध्याकाळी लाल पेन घेऊन वह्या तपासायला बसलो तर पहिल्याच वहीत 'आय लीव्ह इन शिरूर कासार'. 'लिव्ह'चं स्पेलिंग चुकलेलं. पोराला राहतो म्हणायचं होतं आणि त्यानं सोडून जातो असं लिहून टाकलं होतं. दुसरी वही उघडली, तेच. तिसरी, तेच. दहाव्या वहीपर्यंत अख्खा वर्ग तालुका सोडून गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. "हे बघा, राहणं म्हणजे लिव्ह. पहिली वेलांटी. सोडून जाणं म्हणजे लीव्ह. दुसरी वेलांटी. पहिलं पटकन आटपायचं, दुसरं लांबवायचं."

मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. "म्हंजे सर, राहणं ऱ्हस्व आन् जाणं दीर्घ?"

"बरोब्बर."

"मंग माझं कामून खोडलं? आमचं तर तसंच हाय."

हे झालं सप्टेंबरात. दिवाळीचा फराळ संपायच्या आत तो आई-बापाबरोबर ट्रॉलीत बसून ऊसतोडीला गेला आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर उगवला. त्याच्या वहीतली लाल रेघ खोडायची कशी, हे मला बी. एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. तसा आमच्याकडं ऱ्हस्व-दीर्घ हा पुण्याहून येणारा पाहुणा आहे. आला तर चहा पाजतो, रोज ताट वाढत नाही. पण त्या दिवशी तो पाहुणा आमच्याच घरचा निघाला.

इंग्रजीत जाण्याला शब्द किती असावेत? डिपार्ट, एक्झिट, क्विट, व्हेकेट, डिकॅम्प ही स्वतःच्या पायानं जायची क्रियापदं. इव्हिक्ट, इजेक्ट, एक्स्पेल, डिपोर्ट ही दुसऱ्याच्या पायानं जायची. म्हणजे लाथेनं. अ‍ॅबस्कॉन्ड हे रात्री जायचं. 'एलिमिनेट'चा लॅटिनमधला मूळ अर्थ कळला तेव्हा मला आजी आठवली: उंबरठ्याबाहेर काढणे. आजी मांजरीला दिवसातून चार वेळा एलिमिनेट करायची.

बीड जिल्ह्यात मात्र दसरा-दिवाळीनंतर एकच क्रियापद पुरतं: गेले. ऐकणारा त्यावर दोनच गोष्टी विचारतो, कोण्या कारखान्याला आणि किती कोयते. माझे एक चुलते ऐन नोव्हेंबरात वारले. मी गावाकडच्या मित्राला फोन केला, दाटल्या गळ्यानं म्हटलं, "अण्णा गेले रे." तिकडून आवाज आला, "या वयात? कोण्या कारखान्याला?" चूक कळल्यावर तोही रडला, पण त्याआधी त्यानं मुकादमाला एक सणसणीत शिवी हासडली होती. ती शिवी परत घ्यायची राहूनच गेली.

बाहेरच्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. इंग्रजीत ज्याला कपल म्हणतात ते हेच, फक्त आमच्या कपलला धार असते. या कोयत्याला मुकादम हंगामाआधी आगाऊ रक्कम देतो, तिला म्हणतात उचल. मराठी भाषा काही शब्द किती विचार करून शेजारीशेजारी ठेवते पाहा: उचल आणि उचलबांगडी. पहिली घेतली की दुसरी आपोआप लागू होते. डिपोर्ट करायच्या आधी हातावर पैसे ठेवायची पद्धत जगात दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. आणि मग ते पैसे फिटेपर्यंत परत यायची सोय नसते, हेही.

सरकारी कागद याला स्थलांतर म्हणतो. शब्द कानाला गोड आहे, कारण पक्षीही स्थलांतर करतात. शेजारी जायकवाडीच्या पाण्यावर फ्लेमिंगो उतरतात तेव्हा शहरातली माणसं पहाटे उठून दुर्बीण घेऊन येतात. आमची माणसं भांडीकुंडी, गाठोडी, शेरडं आणि लेकरं घेऊन लाखोंच्या संख्येनं पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात तेव्हा कोणी दुर्बीण आणत नाही. अर्थात ती नुसत्या डोळ्यांनीही दिसतात म्हणा.

कागदावर मात्र दिसत नाहीत. शाळेचा पट मोजतात 30 सप्टेंबरला. पोरं जातात त्यानंतर. त्यामुळं कागदोपत्री बीड जिल्ह्यातून कधीच कोणी जात नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 'एक्स्पेल' हे क्रियापद आठवीपर्यंत बंद करून टाकलं. पोराला शाळेतून काढता येत नाही. चांगलंच झालं. पण पोरगं शाळेसमोरून ट्रॉलीत बसून हात हलवत चाललं असेल तर मास्तरानं कोणतं क्रियापद वापरायचं, ते कलम मला सापडलं नाही. हंगामी वसतिगृह निघतं, त्यात काही पोरं आजी-आजोबांच्या भरवशावर मागं राहतात. बाकीची फडात पाचटावर खेळतात, आणि त्यांच्यासाठी एक सरकारी शब्द आहे, शाळाबाह्य. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, शाळाबाह्य म्हणजे गृहपाठ केला नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलेलं पोरगं.

आम्हा मास्तरांचंही जाणं चालूच असायचं. बदली, प्रतिनियुक्ती, समायोजन. यातलं समायोजन हे फार सोज्ज्वळ. त्यासाठी आधी माणूस 'अतिरिक्त' ठरावा लागतो, भाजीत मीठ ठरतं तसा. मग आदेश येतो आणि तुम्ही कार्यमुक्त होता. इंग्रजीत रिलीव्ह. रिलीव्हचा खरा अर्थ दिलासा देणे, भार हलका करणे. एका शाळेतून मी रिलीव्ह झालो तेव्हा भार नेमका कोणाचा हलका झाला, ते तिथल्या हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर मोठ्या टायपात छापलेलं होतं.

काढून टाकण्याचे शब्द आम्हाला बहुतेक राज्यकर्त्यांनी पुरवले. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, त्यामुळं बरखास्त, बडतर्फ, बेदखल, हद्दपार, फरार, रवानगी हा सगळा माल तयार मिळाला. मग इंग्रजीतून सस्पेंड आणि डिसमिस आले. संस्कृतनं एकच शब्द दिला, पण चित्रासकट: अर्धचंद्र. मानगूट धरताना अंगठा आणि बोटं फाकली की हाताचा जो आकार होतो, तो. माणसाला हाकलताना आकाशाकडं पाहायचं भान ठेवणारी दुसरी भाषा मला माहीत नाही. आणि हे सगळं ज्याच्यावर गुदरतं तो माणूस घरी येऊन बायकोला काय सांगतो? "नोकरी सुटली." जणू तीच खुंट्याला बांधलेली होती आणि दावं तोडून गेली.

हे 'सुटणे' फार थोर क्रियापद आहे. एसटी सुटते, शाळा सुटते, बैल सुटतो, वारा सुटतो, गाव सुटतं, माणूस जेलातून सुटतो, कोडं सुटतं, दारू सुटते, आणि ती सुटली नाही तर पोट सुटतं. इंग्रजीला यातल्या प्रत्येकासाठी वेगळा नोकर ठेवावा लागतो. आमचा एकच गडी सगळी कामं करतो आणि रजाही मागत नाही.

तरी इंग्रजीचा एक शब्द पाहून मला हेवा वाटला: डिफेनेस्ट्रेट. अर्थ, माणसाला खिडकीतून बाहेर फेकणे. एवढ्या एका कामासाठी खास क्रियापद! 1618 साली प्राग शहरात चिडलेल्या प्रोटेस्टंट मंडळींनी राजाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या एका कारकुनाला किल्ल्याच्या खिडकीतून खाली टाकलं. तिघंही जगले. कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी वरच्या वर झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. यावरून वाढत वाढत युरोपात तीस वर्षं लढाई चालली. आमच्याकडं उकिरड्यावरून भावकीत याहून जास्त वर्षं चालते, पण तिला इतिहासकार मिळालेला नाही.

तर डिफेनेस्ट्रेट. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं गप्प. मग एक जण म्हणाला, "पर सर, खिडकीतून तर आत टाकतेत." त्याचं बरोबर होतं. बीड जिल्ह्यात खिडकी ही वस्तू एसटीला असते आणि तिचा उपयोग आत जायला होतो. यात्रेच्या नाहीतर लग्नसराईच्या दिवसांत कुठल्याही स्टँडवर उभं राहून बघा. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून पहिल्यांदा टोपी आत जाते. मग उपरणं. मग पिशवी. ज्यांच्याकडं यातलं काही नसतं ते चप्पल टाकतात. शेवटी एक सडपातळ पोरगं उचलून आत सोडलं जातं. त्यानं आडवं झोपून तीन जणांची सीट धरायची असते. दारानं चढलेला माणूस आत येऊन पाहतो तर सगळ्या जागांवर टोप्या बसलेल्या. त्यावर जी भाषा चालते तिला कंडक्टरही हात लावत नाही, तो नुसती दोनदा घंटी मारतो.

या क्रियेला इंग्रजीत शब्दच नव्हता. मग आम्ही बनवला: इनफेनेस्ट्रेट. सहामाहीला निबंध होता, 'माझा प्रवास'. एका मुलीनं लिहिलं होतं, माय ग्रँडमदर इनफेनेस्ट्रेटेड मी अ‍ॅट बीड. मी पूर्ण गुण दिले. ऑक्सफर्डवाल्यांना कळवायचं राहिलं, पण त्यांच्याकडं एसटी कुठं जाते?

उतरण्याचीही तीच गत. इंग्रजी माणूस विमानातून उतरला तर डिप्लेन, जहाजातून उतरला तर डिसएम्बार्क, घोड्यावरून उतरला तर डिसमाउंट. आमचं 'उतर' सगळ्याला चालतं, अगदी झाड, ताप, नशा आणि विंचवालासुद्धा. रेल्वेतून उतरायला इंग्रजीत डीट्रेन आहे. हा शब्द मी कधी शिकवलाच नाही, कारण पोरांनी उदाहरण मागितलं असतं. परळीवाल्यांकडं रेल्वे जुनी, ते आम्हाला हसायचे. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमाराला मंजूर झाला आणि त्या वर्षापासून मी साध्या भविष्यकाळाचं उदाहरण म्हणून 'बीडला रेल्वे येईल' हे वाक्य द्यायला लागलो. पोरं शिकली, त्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं माझ्या वर्गात आली, वाक्य तेच. मी निवृत्त झालो तरी क्रियापदाचा काळ बदलला नव्हता. बीड शहरातून पहिली गाडी सुटली 17 सप्टेंबर 2025 ला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून विचारलं, "सर, आता कोणतं उदाहरण?" मी म्हटलं, "परळीपर्यंत अजून जायचीय, पुरेल."

हलवाहलवीच्या बाबतीत जागतिक दर्जाचा माणूस म्हणजे मुहम्मद तुघलक. त्यानं 1327 च्या सुमाराला राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिला दौलताबाद म्हटलं आणि दिल्लीच्या माणसांना चालतं केलं. पुढं पुन्हा दिल्ली. म्हणजे बदलीचा आदेश आणि आदेश रद्दचा आदेश, दोन्ही त्यानं एकाच कारकिर्दीत काढले. सरकारी नोकरांनी त्याची जयंती का साजरी करू नये, कळत नाही. हाच तुघलक एकदा फौजेसह बीडजवळ मुक्कामाला असताना त्याचा दात दुखायला लागला आणि काढावा लागला. फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की सुलतानानं तो दात थाटामाटानं पुरला आणि त्यावर थडगं बांधलं. बीडच्या दक्षिणेला करझणी गावाजवळच्या टेकडीवरची वास्तू ती हीच, असं सांगतात.

दात काढणे म्हणजे इंग्रजीत एक्स्ट्रॅक्ट. मराठीत दात काढणे म्हणजे फिदीफिदी हसणे. सुलतानासमोर त्या दिवशी दुसऱ्या अर्थानं कोणी दात काढले नसणार. पण मला वाटतं, बाहेरून बीड जिल्ह्यात आलेला आणि इथंच कायमचा राहिलेला एकमेव सरकारी जीव म्हणजे तो दात. बाकीचे सगळे रुजू झाल्या दिवसापासून बदलीच्या मागं असतात.

दवाखान्यातली दोन क्रियापदं सांगून पुढं जातो. पहिलं, रेफर. आमच्याकडं आजारी माणूस आधी रेफर होतो, मग बरा होतो. तालुक्याहून बीडला किंवा अंबाजोगाईला, तिथून घाटीच्या मोठ्या सरकारी दवाखान्याला. दुसरं, डिस्चार्ज. माझ्या आईला दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला त्याच वेळी माझा फोनही डिस्चार्ज झाला आणि माजलगाव धरणातून डिस्चार्ज वाढवल्यानं पुलावर पाणी आलं. बातमी घरी पोचेपर्यंत पाहुणे रडायच्या तयारीनं जमले होते. आई रिक्षातून उतरली आणि म्हणाली, "चहा टाका."

अलीकडं म्हाताऱ्यांनी एक नवा शब्द उचललाय: लेफ्ट. आमच्या भावकीचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. बांधावरून कोणी काही टाकलं की धाकटे काका लेफ्ट होतात. 'काका लेफ्ट झाले' हे वाक्य आता चुलीपुढं बसलेली माणसंही म्हणतात. पूर्वी रुसलेला माणूस लग्नाच्या मांडवातून उठून मारुतीच्या पारावर जाऊन बसायचा आणि चार जण त्याची समजूत काढायला जायचे. आता तो घरातच बसून लेफ्ट होतो आणि अ‍ॅडमिन त्याला संध्याकाळपर्यंत परत घेतो. काकांचा मान म्हणजे त्यांना परत घेणं हे सर्वांना ठाऊक आहे. एकदा अ‍ॅडमिन शेतात होता, रेंज नव्हती, दोन दिवस परत घेतलं नाही. काकांनी फोन केला, "मी लेफ्ट झालेलो दिसलं नाही का?"

खरं तर आम्हाला जाताच येत नाही. इंग्रज लोक यजमानाला न सांगता सटकण्याला फ्रेंच लीव्ह म्हणतात आणि फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजी पद्धतीनं निघणं म्हणतात. दोघांचीही आमच्या गावात डाळ शिजली नसती. इथं निघायचं म्हणजे आधी "बरं, निघतो मंग" म्हणायचं, त्यावर चहा येतो. चहा झाला की "उठतो", मग सुपारी. मग "चलतो", त्यावर "जेवून जा की, भाकरी व्हायलीच." दारात चपला घालून अर्धा तास, रस्त्यावर गाडीला किक मारल्यावर दहा मिनिटं, आणि शेवटी ज्याला खरंच जायचंय तो म्हणतो, "येतो." जातो म्हणायचं नाही. जातो म्हणालेल्याला आजी दारातूनच परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची आणि पुन्हा बाहेर पाठवायची.

जुन्या काळी तर याहून कमाल होती. प्रवासाच्या दिवशी मुहूर्त नसला तर आदल्या चांगल्या दिवशी आपलं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणत. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. माणूस मात्र तीन दिवस घरीच जेवत असे. डिपार्ट शिकवताना हे मी पोरांना समजावून सांगितलं, तर एका पोरीनं विचारलं, "मंग सर, दप्तर शाळेत ठेवून आम्ही कारखान्याला गेलं तर?" तिची हजेरी मी लावली की नाही, ते विचारू नका.

माझ्या निवृत्तीचा दिवस आला तो 31 ऑक्टोबर. कार्यक्रमाला पोरं सेंड ऑफ म्हणत होती, पत्रिकेवर सेवापूर्ती होतं, आणि एका वक्त्यानं बोलण्याच्या भरात "आज सर आपल्यातून निघून गेले" असं म्हणून दोन मिनिटं उभं राहायचा बेत केला, त्याला सदरा ओढून खाली बसवलं. मग शाल आणि श्रीफळ. नोकरीवरून काढलं तर मराठीत नारळ दिला म्हणतात, आणि मानानं पाठवलं तरी नारळच देतात. एकतीस वर्षं नोकरी करूनही दोन्ही नारळांत बाहेरून फरक ओळखता येत नाही.

पत्र्याची पेटी डोक्यावर, शाल खांद्यावर, काखेत नारळ अशा थाटात मी फाट्याकडं निघालो. रस्त्याच्या कडेला ट्रॉल्या भरत होत्या. पातेली, पांघरुणं, कोंबड्यांचं डालगं, वर लेकरं. त्यातल्या दोघांनी "सर!" म्हणून हात केला. एक म्हातारी गाठोड्यावर बसून पान जमवत होती. तिनं माझ्याकडं, माझ्या पेटीकडं नीट निरखून पाहिलं.

"गुर्जी, कोण्या कारखान्याला?"

"कारखान्याला नाही मावशी. आमचं संपलं. पट्टा पडला."

तिनं शालीचा काठ बोटांनी चाचपला, नारळ कानाशी हलवून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"येवढीच उचल देली?"